पडलेलं झाड पडून राहू द्या

स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म डोंगरांत काही माणसं यांत्रिक करवत घेऊन पाइनच्या जंगलात जातात आणि तोडलेल्या झाडांच्या खुंटांमध्ये वीतभर खोल खड्डे कोरतात. त्यात पाइनचाच भुसा आणि ढलप्या भरतात. पावसाचं पाणी साचतं, लगदा कुजू लागतो, काळपट होतो, त्याला वास सुटतो. एवढं झालं की काम फत्ते. हा सगळा खटाटोप एका माशीसाठी चालतो.

माशीचं शास्त्रीय नाव ब्लेरा फॅलॅक्स. जिच्या अळ्या पिकावरचा मावा नावाचा कीटक खातात ती सिरफिड माशी आपल्या शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. मित्रकीटक म्हणून तिचं कौतुकही होतं. ही तिच्याच कुळातली. अंग काळं, शेपटीकडचा भाग शेंदरी, फुलांवर येते, मध पिते, कुणाला चावत नाही. मात्र तिच्या अळीची गरज भलतीच नेमकी आहे. मोठ्या, म्हाताऱ्या पाइनचा गाभा एका विशिष्ट बुरशीने मऊ केलेला हवा, झाड पडलेलं किंवा तोडलेलं हवं आणि खुंटात पाणी साचून राहायला हवं. त्या पाण्यातल्या कुजकटीत वाढणाऱ्या जिवाणूंवर अळी जगते. मागच्या टोकाला असलेली लांब श्वासनळी पाण्याबाहेर काढून ती श्वास घेते.

असे खुंट स्कॉटलंडमधून जवळजवळ संपले. पाइन संपले नव्हते. लागवडीत तर ओळीने उभे होते. पण लाकडाचा हिशेब करणाऱ्यांनी झाडं जाड होण्याआधीच तोडली, वाकडी, पोकळ, रोगट म्हणून काढून टाकली, वाऱ्याने पडलेली उचलून नेली. जंगल नीटनेटकं झालं आणि एवढ्या मोठ्या देशात ही माशी बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी उरली. शेवटी रॉयल झूऑलॉजिकल सोसायटी ऑफ स्कॉटलंडने आपल्या हायलँड वाइल्डलाइफ पार्कमध्ये तिची पैदास सुरू केली आणि हजारो अळ्या कोरलेल्या खुंटांत नेऊन सोडल्या. २०२२ मध्ये, जवळजवळ दशकभराच्या खंडानंतर, तिथल्या जंगलात प्रौढ माशी पुन्हा दिसली.

मला या यशाचा आनंद आहे. पण त्या खड्ड्यांची छायाचित्रं बघताना वाईटही वाटतं. जे काम म्हातारं झाड, बुरशी आणि पाऊस मिळून फुकटात करत होते, ते आता माणसाला करवत घेऊन करावं लागतंय. ही वेळ येईपर्यंत आपणही वाट बघणार आहोत का, हा माझा प्रश्न आहे. तो मी महाराष्ट्राच्या वनखात्याला, महापालिकांच्या उद्यान विभागांना, देवराई सांभाळणाऱ्या गावांना आणि सकाळी टेकडीवर फिरायला जाणाऱ्या माझ्यासारख्या माणसांना विचारतो आहे.

निमित्त घरामागच्या टेकडीचं आहे. गेल्या आषाढात तिच्या पायथ्याच्या नाल्याकाठी एक जुना उंबर उन्मळून पडला. तिथून ना रस्ता जातो, ना पायवाट. कुणाच्या भिंतीवर तो पडला नाही, विजेची तार तुटली नाही. तरी आठवड्याभरात फिरायला येणाऱ्यांच्या गटावर तक्रारी सुरू झाल्या: कचरा होतोय, डास होतील, साप येतील, उचलून न्यायला सांगा. लिहिणारी माणसं झाडांवर प्रेम करणारीच आहेत. याच लोकांनी टेकडीवर रोपं लावली, उन्हाळ्यात खांद्यावरून पाणी नेऊन ती जगवली. झाड उभं आहे तोवर ते आपलं, आडवं झालं की कचरा, ही समजूत इतक्या खोलवर गेली आहे की तिच्याविरुद्ध बोलणं विचित्र वाटतं. मी बोललो तेव्हा एका काकांनी फार आपुलकीने विचारलं, "अहो, माश्यांसाठी?"

होय, माश्यांसाठी. आणि माश्यांच्या निमित्ताने बाकीच्या सगळ्यांसाठी.

चार्ल्स एल्टन या इंग्रज परिसरशास्त्रज्ञाने ऑक्सफर्डजवळच्या वायथम जंगलाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. पडलेली आणि किडलेली झाडं काढून टाकली तर जंगलातले कदाचित एक पंचमांशाहून जास्त प्राणी नाहीसे होतील, असं त्याने १९६६ मध्ये लिहून ठेवलं. पुढे फिनलंडमध्ये मोजदाद झाली तेव्हा तिथल्या जंगलांतल्या चार ते पाच हजार प्रजाती, म्हणजे साधारण २० ते २५ टक्के, मेलेल्या लाकडावर कुठल्या ना कुठल्या प्रकारे अवलंबून असल्याचं दिसलं. बुरशा, भुंगेरे, माश्या, गांधीलमाश्या, त्यांना खाणारे सुतारपक्षी, आणि सुतारपक्ष्यांनी कोरलेल्या ढोल्यांत राहणारे बाकीचे. आपल्या दमट, उष्ण जंगलांत यात वाळवीची भर पडते आणि लाकूड झपाट्याने मातीत जातं. झपाट्याने जातं म्हणूनच नवं लाकूड सतत पडत राहायला हवं.

हा "सतत" शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो नीट समजायला पुन्हा स्कॉटलंडला जावं लागेल. तिथे दुसरी एक सिरफिड माशी आहे, हॅमरश्मिटिया फेरुजिनिया. तिचं सगळं आयुष्य अस्पेन नावाच्या झाडाशी बांधलेलं आहे. अस्पेन हा पॉप्लरचा भाईबंद, वाऱ्याच्या झुळकीबरोबर पानं थरथरवणारा. तो पडल्यावर वर्ष-दोन वर्षांत साल आणि लाकूड यांच्यामधला थर सडून ओला, चिकट होतो. या थरात तिच्या अळ्या वाढतात. अट अशी की खोड निदान २५ सेंटिमीटर जाड हवं. बारीक फांदी लवकर सुकते. आणि ही ओल टिकते फक्त दोन-तीन वर्षं. मग साल सुटते, लाकूड वाळतं, आणि तो ओंडका या माशीच्या दृष्टीने संपतो. इतर कीटकांची पाळी सुरू होते, पण हिला दुसरं घर शोधावं लागतं.

आता हिशेब करा. एक झाड पडलं आणि कुणी कौतुकाने ते राखलं, तरी माशीला तीन वर्षं मिळाली. चौथ्या वर्षी तिच्या उडण्याच्या टप्प्यात दुसरं अस्पेन पडलेलं हवं, सातव्या वर्षी तिसरं. टप्पा किती, हेही अभ्यासकांनी माश्यांवर रंगाचे ठिपके लावून तपासलं आहे: बहुतेक माश्या किलोमीटरभराच्या आतच राहतात, काही थोड्या पाच किलोमीटरपर्यंत पोचतात. म्हणजे एवढ्याशा परिसरात दर दोन-तीन वर्षांनी एक जाड झाड मरून पडायला हवं, आणि ते पन्नास-शंभर वर्षं चालू राहायला हवं. त्यासाठी तिथे सगळ्या वयांची झाडं हवीत, आज म्हातारी झालेली आणि उद्या म्हातारी होणारी. स्कॉटलंडमधली अस्पेनची रानं तुकड्या-तुकड्यांत उरली आहेत, नवे कोंब हरणं आणि मेंढ्या खाऊन टाकतात. चार-पाच हेक्टरांपेक्षा लहान तुकड्यात ही माशी तग धरत नाही. झाडं आहेत, पण मरणाची रांग तुटली आहे. एकदा तुटली की नंतर कितीही ओंडके आणून टाका, त्यावर यायला माशीच उरलेली नसते.

वृक्षारोपणाच्या मोहिमांवर माझा राग नाही, पण त्यांचा आकडा वाचताना मला ही रांग आठवते. कोट्यवधी रोपं एकाच पावसाळ्यात लावली तर ती एकाच वयाची होतात. त्यातलं पहिलं म्हातारं होऊन मरून पडेल तेव्हा आपल्यापैकी कुणी नसेल. आज जे जुनं झाड पडतं त्याला पर्याय कुठल्याही रोपवाटिकेत मिळत नाही. उभं असताना ते वाचवण्यासाठी आपण आंदोलन करतो, हे योग्यच आहे. त्याचा दुसरा अर्धा हिशेब मात्र त्याच दिवशी ट्रकमध्ये भरून पाठवून देतो.

कुजकं लाकूड राखा म्हटलं की हमखास येणारा आक्षेप रोगराईचा. हा आक्षेप खोटा नाही. मध्य प्रदेशात १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात सालवृक्षांवर खोडकिडीची अशी लाट आली होती की लाखो झाडं तोडावी लागली. कोकणातल्या वाडीत नारळाचं सडकं खोड ठेवू नका हा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. त्यातच गेंडा भुंगा अंडी घालतो आणि पुढे उभ्या माडाचा कोंब पोखरतो. निसर्ग चक्रीवादळाने ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-मुरुडच्या बागा झोपवल्या, तेव्हा माड-पोफळींची खोडं लवकर हलवणं गरजेचंच होतं. बागायतदाराला मी कुजवण्याचा उपदेश करणार नाही.

पण बाग वेगळी आणि जंगल वेगळं. जंगलातही जिवंत झाडांना मारणारे भुंगेरे बहुतेक ताज्या, रसाळ लाकडावर येतात आणि ते सुकायला लागलं की निघून जातात. वर्षानुवर्षं पडून मऊ झालेल्या, ओल्या, बुरशीने व्यापलेल्या ओंडक्यातले जीव उभ्या झाडाच्या वाटेला जात नाहीत. त्यांना मेलेलंच लागतं. हा फरक न करता "कीड आहे, साफ करा" म्हणणाऱ्यांचं काय होतं, ते पोलंडमध्ये दिसलं. बियावोविएझा हे युरोपातलं फार जुनं, जागतिक वारसा म्हणून जाहीर झालेलं अरण्य. स्प्रूस झाडांवर साल पोखरणारा भुंगा पसरला म्हणून तिथल्या सरकारने २०१६ मध्ये एका वनक्षेत्रातली तोडीची मर्यादा जवळजवळ तिप्पट केली. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं. १७ एप्रिल २०१८ रोजी न्यायालयाने ही तोड बेकायदा ठरवली, आणि त्याच्या कारणांत मेलेल्या लाकडावर जगणाऱ्या दुर्मीळ भुंगेऱ्यांचा समावेश होता. किडीपासून जंगल वाचवायला निघालेले लोक, त्या जंगलाला जंगलपण देणारे कीटकच उचलून नेत होते.

जर्मनीतल्या बव्हेरियात याच्या उलट घडलं. १९८३च्या वादळात तिथल्या राष्ट्रीय उद्यानातली झाडं मोठ्या संख्येने पडली तेव्हा ती तशीच ठेवायचा निर्णय झाला. पुढे भुंग्यामुळे डोंगरच्या डोंगर वठले, आसपासची गावं संतापली, निर्णय घेणाऱ्यांना शिव्या खाव्या लागल्या. आज त्या वठलेल्या खोडांमधून नवं रान वर आलं आहे. मला या गोष्टीतला धीर महत्त्वाचा वाटतो. दहा-पंधरा वर्षं कुरूप दिसणारं जंगल सहन करण्याची तयारी सरकारी खात्यात क्वचितच असते.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानांपुरतं उत्तर स्पष्ट आहे. जंगलांच्या रक्षणासाठी चाललेल्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००० रोजी मेलेली, मरणासन्न, रोगट किंवा वाऱ्याने पडलेली झाडं संरक्षित क्षेत्रांतून हलवायला मनाई केली. हा आदेश मला दूरदृष्टीचा वाटतो. त्याचबरोबर त्याची किंमत कुणी मोजली हेही सांगायला हवं. त्याच आदेशात गवत वगैरेही होतं, आणि त्याचा अर्थ ताणून अभयारण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांची साधी वनोपज गोळा करण्याची वाटही बंद केली गेली. ओंडका वाचवण्याच्या नावाखाली मोळीवालीला अडवणं हा अन्याय होता.

कारण मोळी आणि ओंडका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोक्यावर सरपण आणणारी बाई मनगटाएवढ्या वाळक्या काटक्या गोळा करते. दोन हातांत न मावणारं, ओलं, सडकं खोड तिला नको असतं. ते जळत नाही, नुसतं धुमसतं. या माश्यांना, भुंगेऱ्यांना नेमकं तेच हवं असतं. जाड खोडावर नजर असते ती लाकडाच्या आगारातल्या लिलावाची आणि ट्रकची. तेव्हा कुजक्या लाकडाचा प्रश्न गरिबाच्या चुलीविरुद्ध उभा करू नये. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत खुंटसुद्धा घेतले आहेत. म्हणजे सामूहिक हक्क मिळालेल्या जंगलात खुंट उपसायचे की ठेवायचे, हे ठरवायचा अधिकार ग्रामसभेचा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावाने २००९ मध्ये तो हक्क मिळवला. आपल्या जंगलातल्या बांबूचा हिशेब नेटाने ठेवणाऱ्या अशा ग्रामसभा पडलेल्या महावृक्षांचाही हिशेब ठेवू शकतील, कुठल्याही अधिकाऱ्यापेक्षा चांगला ठेवतील, याची मला खात्री आहे.

तसा हा हिशेब आपल्याकडे ठेवलेला होताच. सह्याद्रीतल्या देवरायांचा नियम काय होता? देवाच्या रानातली वाळकी काडीही घरी न्यायची नाही. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात या रायांचा अभ्यास करून त्यांचं मोल जगासमोर मांडलं, तेव्हापासून त्यांतल्या दुर्मीळ वृक्षवेलींबद्दल बरंच बोललं जातं. माझ्या मते त्या नियमातला सर्वांत शहाणा शब्द "वाळकी" हा आहे. हिरवं तोडू नका असं कुठलंही खातं सांगेल. वाळलेलंही देवाचं, पडलेलंही देवाचं, असं फक्त देवराईने सांगितलं. त्यामुळे तिथे मरणाची रांग शेकडो वर्षं तुटली नाही. एक आडवा, एक वठलेला, एक ढोली पडलेला, एक भर तारुण्यातला, असे सगळे वृक्ष एका एकरात भेटतात.

ही रांग आता आपल्याच हाताने तुटते आहे. कौलारू घुमटीच्या जागी सिमेंटचा सभामंडप येतो, त्यासाठी पैसे हवेत म्हणून पडलेला वृक्ष विकला जातो. मग आवाराला फरशी, कडेला कुंपण, पालापाचोळा झाडून जाळलेला. देवावरची श्रद्धा कमी झालेली नाही, उलट वाढली आहे. स्वच्छतेची कल्पना तेवढी शहरातून उसनी आली आहे. गावकऱ्यांना दोष देणं मला पटत नाही. आम्ही शहरवाल्यांनीच त्यांना बागेसारखं रान म्हणजे चांगलं रान असं शिकवलं.

आणि आम्ही शहरवालेच पावसाळ्यात रात्री भीमाशंकरला जातो, जंगल चमकतं ते बघायला. विजेऱ्या विझवून, श्वास रोखून बघतो. चमकते ती कुजणाऱ्या लाकडावरची बुरशी. ओल्या, सडलेल्या काटक्या-ओंडक्यांखेरीज तो उजेड नाही. गेल्या वर्षी तिथून परतताना गाडीत एक मुलगी आईला विचारत होती, "आपल्या टेकडीवर का नाही चमकत?" आईने जंगल लहान आहे असं काहीतरी सांगितलं. मला सांगावंसं वाटलं की आपण पडलेलं काहीच ठेवत नाही गं, हेही एक कारण असेल.

शहराचा प्रश्न अवघड आहे हे मान्य. दर पावसाळ्यात मुंबई-पुण्यात झाड अंगावर पडून माणसं दगावतात. रस्त्याकडेचं, शाळेजवळचं, वाकलेलं, पोकळ झाड वेळेत उतरवलंच पाहिजे. तिथे माशीचा विचार करायचा नसतो. १९७५चा झाडांच्या जतनाचा कायदाही मेलेल्या, रोगट, वाऱ्याने पडलेल्या झाडाला परवानगीची वाट मोकळी ठेवतो, ते योग्यच आहे. पण उतरवल्यानंतर काय, याबद्दल कुणी विचारच करत नाही. फांद्या छाटून मुख्य बुंधा तिथल्याच उद्यानाच्या एका कोपऱ्यात, सावलीत, मातीला टेकवून ठेवता येतो. टेकडीवर, नाल्याकाठी, विद्यापीठांच्या आवारात, जुन्या कंपन्यांच्या मोकळ्या जागांत जे पडतं ते जागेवरच राहू देता येतं. वृक्षगणनेत उभ्या झाडांबरोबर आडव्यांचाही एक रकाना हवा: जात, जाडी, पडल्याचं वर्ष. उद्यान विभागाच्या कंत्राटात "साफसफाई" शब्दाखाली काय-काय उचललं जातं, ते तपासायला हवं. यातल्या कशालाही फारसे पैसे लागत नाहीत. वाहतुकीचे वाचतातच.

स्कॉटलंडची आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती आशेची आहे. कॅलिसेरा रुफा ही पाइनच्या ढोलीतली दुसरी एक माशी अतिदुर्मीळ समजली जात होती, कारण ती उडताना क्वचितच दिसे. मग दोन-चार चिकाटीच्या अभ्यासकांनी माशी शोधायचं सोडून ढोल्यांतला काळा लगदा चाळायला सुरुवात केली, आणि अळ्या अनेक जुन्या पाइन-रानांत सापडल्या. कुणी पाहिलंच नव्हतं. ब्रिटनमध्ये सिरफिड माश्यांच्या सुमारे २८० जाती आहेत आणि त्यांतली कुठली कुठे दिसली याच्या नोंदी मुख्यतः हौशी माणसांनी ठेवल्या आहेत. आपल्याकडे पक्ष्यांच्या, फुलपाखरांच्या मागे कॅमेरा घेऊन फिरणारी तरुण मुलं गावोगावी आहेत. त्यांतल्या दहा जणांनी जरी पावसाळ्यात उंबराच्या, आंब्याच्या ढोलीत चमचा घालून बघायचं ठरवलं तर काय हाती लागेल, या विचाराने मला खरोखर उत्साह येतो. मात्र बघायला ढोली आणि ओंडका शिल्लक असायला हवा.

नाल्याकाठच्या उंबराबद्दल मी स्थानिक कार्यालयात अर्ज दिला आहे: हे झाड कृपया हलवू नये. अर्ज घेणाऱ्या माणसाने दोनदा वाचला, कारण त्याच्याकडे येणारे सगळे अर्ज हलवण्याचे असतात. त्याने शिक्का मारून पोच दिली. उत्तर यायचं आहे. परवा जाऊन आलो. नाल्याच्या बाजूची साल सुटायला लागली आहे, खाली तपकिरी, ओलसर थर, आंबूस वास. सालीचा एक तुकडा हलकेच उचलला तर आत बोटाच्या पेराएवढ्या, पांढुरक्या चार-पाच अळ्या हलत होत्या. कुणाच्या, मला सांगता येणार नाही. तुकडा होता तसा परत बसवला आणि वरून थोडा पाला टाकला. ते काका मागून येऊन उभे होते. म्हणाले, "बघू तरी." मी त्यांच्यासाठी तो पुन्हा एकदा उचलला.